माघारी ओलांडणारी आत्या

आमच्या घरात माझ्या उंचीची दोन कारणं सांगतात. पहिलं आईचं. मी तान्हा असताना ओसरीवर निजलो होतो आणि धाकट्या काकांनी घाईघाईत मला ओलांडलं. ओलांडलं ते ओलांडलं, वर परत उलटं ओलांडायचं सोडून थेट सायकलवर टांग टाकून टॉकीजला निघून गेले. तेव्हा माझी वाढ खुंटली ती खुंटलीच. आईनं काकांना अजून माफ केलेलं नाही. काका म्हणतात, सिनेमासुद्धा पडेल निघाला.

दुसरं कारण शैलाआत्याचं. "वहिनी," ती आईला म्हणायची, "तुम्ही पाच फुटाच्या आत, दादा चपलेसकट पाच फूट दोन. तुमच्या पोटी काय ताडाचं झाड येणार होतं?"

मला दोन्ही कारणं मान्य आहेत. उंची तर वाढत नाही, निदान घरात भांडण तरी वाढू नये.

शैलाआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. डॉक्टर होती, पण तिनं दवाखाना कधी थाटला नाही. बोरी, पेडगाव, पोखर्णी, जिथं रस्ता जाईल तिथं जाऊन तिनं जन्मभर लहान लेकरांची उंची आणि वजनं मोजली. नातेवाइकांत तिची ओळख 'ती मोजणारी' अशीच. लग्न केलं नाही. "आलेली स्थळं हिनं मोजून परत पाठवली," असं वडील म्हणायचे, आणि ती त्यावर "दोन तर वजनातच कमी होती," म्हणून स्वतःच हसायची.

लेकरू दिसलं की आत्याचे हात आपोआप पुढं व्हायचे. लोक गाल ओढतात, ही काखेत हात घालून लेकरू वर उचलायची, क्षणभर हवेत तोलायची आणि आईकडं बघून भुवई उडवायची. ती भुवई वर गेली की त्या आईची झोप उडाली. लग्नाच्या पंगतीत तर तिच्या शेजारी बसायला कुणी धजत नसे. "काय हो, घरात लेकरांना जंताचं औषध शेवटचं कधी दिलं?" असं ती खड्या आवाजात विचारायची, आणि का कोण जाणे, नेमकी त्याच वेळी पानात शेवयांची खीर पडलेली असायची.

तिचं आवडतं वाक्य दोनच शब्दांचं. "बरं, मग?" कुणी दटावलं, कुणी रडलं, कुणी मोठ्या ओळखी सांगितल्या, तरी तिचं उत्तर तेच. समोरच्याला पुढं काहीतरी बोलावं लागायचं, आणि बऱ्याच जणांकडं पुढं काही नसायचं.

मला ती 'खुंटी' म्हणायची. पन्नाशी आली, डोक्यावर टक्कल आलं, तरी खुंटी. तिला सगळं यायचं, फक्त गाडी चालवता येत नव्हती. मी कचेरीतला कारकून. माझ्याकडं एक जुनी गाडी आणि रिकामे रविवार होते. त्यामुळं आत्याच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी तिचा ड्रायव्हर झालो. गाडीत मागं लाकडी पाट असायचा. डोक्याशी उभी फळी, पायाशी सरकती फळी. उभं राहता न येणाऱ्या लेकराला त्यावर निजवायचं आणि उंची मोजायची. रस्त्यात कुणी लिफ्ट मागितली तर तो पाट बघून विचारायचा, "सुतारकीचं काम करायलाव का?"

तेव्हा आत्याकडं एक मोठं काम आलं होतं. काम सांगायला सोपं होतं. पोटातले जंत लेकराच्या वाटचं खातात, म्हणून लेकरू खुजं राहतं, असा एक समज. तर जंतांचं औषध ठरावीक काळानं देत राहिलं तर लेकरं उंच होतात का, हे बघायचं. निम्म्या लेकरांना खरी गोळी आणि निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी पण आत औषध नसलेली. काम संपलं की सगळ्यांनाच खरी. हे काम करणारे मोठे सर मोठ्या शहरात बसत. निकाल चांगला लागला तर बोरीला लेकरांचं एक कायमचं केंद्र होणार होतं, आणि ते आत्याच्या हाती देणार होते. या केंद्राचं ती माझ्या लहानपणापासून बोलायची. जागाही तिनं मनात ठरवून ठेवली होती, रस्त्याला लागून, लिंबाच्या सावलीची.

औषध नसलेल्या गोळीला आत्यानं नाव दिलं होतं, मुकी गोळी. बोरीच्या अंगणवाडीपुढं बायका लेकरं घेऊन बसलेल्या, आणि ती समजावून सांगत होती. पुढंच गयाबाई बसली होती. नात मांडीवर, नातीचं नाव सोनी. गयाबाईचा मुलगा आणि सून दरवर्षी दिवाळी झाली की ऊस तोडायला कारखान्यावर जायचे, आणि दूध तुटलं नसल्यानं सोनीलाही घेऊन जायचे.

"कोन्ती गोळी बोलनारी अन् कोन्ती मुकी?" गयाबाईनं विचारलं.

"मला माहीत नाही, आजी."

"तुमालाच म्हाईत न्हाई?"

"नाही. मला मुद्दाम सांगितलेलं नाही."

"मंग डॉक्टर कशाला झालाव बाई?"

सगळ्या बायका खळखळून हसल्या. आत्याही हसली. मग म्हणाली, "आजी, मला कळलं की या लेकराला खरी गोळी दिलीय, तर मोजताना माझं बोट पट्टीवर कणभर पुढं सरकेल. मला वाटेल, वाढलंय. म्हणून मला आंधळं ठेवलंय."

गयाबाईनं आत्याच्या बोटाकडं बघितलं. "सोताच्या बोटावर इश्वास न्हाई?"

"कुणाच्याच नाही."

"असं हाय व्हय," गयाबाई म्हणाली, आणि सोनीला पुढं केलं.

आणि तिथंच घोटाळा झाला. सोनीला पाटावर निजवलं, तिनं भोकाड पसरलं, पायाकडची फळी अडकून बसली. ती सैल करायला आत्या घाईनं उठली, साडीचा काठ हातात धरला आणि सोनीला ओलांडून पलीकडं गेली.

"माय माय माय!" गयाबाई किंचाळली. "ओलांडलं की वो लेकराला! उलटं या! आदी उलटं या बाई!"

"आजी, तसं काही नसतं."

"तुमच्यात नसंल. आमच्यात असतं. खुंटंल की लेकरू माझं!"

मागं बसलेल्या बायका उठून उभ्या राहिल्या. दोघींनी आपापली लेकरं उचलून पोटाशी धरली. मी मनात म्हटलं, आता आत्या भाषण देणार आणि आपल्याला आजचं जेवण मिळणार नाही. आत्याला मी घरच्या देव्हाऱ्यापुढंसुद्धा वाद घालताना बघितलेलं. पण तिनं सोनीकडं बघितलं, त्या उभ्या राहिलेल्या बायकांकडं बघितलं, आणि साडीचा काठ पुन्हा वर धरला.

"तोंड फिरवून न्हाई," गयाबाई म्हणाली. "तसंच माघारी. पाठमोरं."

मग एका सुशिक्षित, साठीला आलेल्या बाईनं सगळ्या गावासमोर पाठमोरं पाऊल टाकून लेकरू उलटं ओलांडलं. मागं मी उभा होतो. माझी उंची लक्षात घेता मी तिला दिसण्याचा प्रश्नच नव्हता. ती माझ्यावर आदळली आणि आम्ही दोघंही वजनकाट्यावर बसलो. काट्यानं दाखवलेला आकडा आत्यानं नंतर कितीतरी वर्षं नातेवाइकांना सांगितला, आणि त्यातला निम्म्याहून जास्त वाटा माझा असल्याचं ठासून सांगितलं.

उठल्यावर ती गयाबाईला म्हणाली, "झालं? आता साक्षीदार तुम्ही. उद्या ही वाढली नाही तर माझ्या पायाला बोल लावायचा नाही."

"न्हाई लावनार," गयाबाई म्हणाली. "पाय सुटला तुमचा."

घरी ही बातमी आमच्याआधी पोचली होती. आई दारातच उभी. "बघा! डॉक्टरीण असून माघारी ओलांडलं! आणि माझ्या लेकराच्या वेळी मी हेच सांगत होते तर मला अडाणी म्हणालात."

"वहिनी, मी श्रद्धेनं नाही ओलांडलं," आत्या चपला काढत म्हणाली. "नसतं ओलांडलं तर पुढं प्रत्येक कमी उंचीला माझा पाय कारण झाला असता. मला एक कारण कमी करायचं होतं."

"कसंही असो, ओलांडलं ना?"

"ओलांडलं."

"मग झालं," म्हणून आईनं विजयी मुद्रेनं चहा टाकला.

दिवाळी झाली. एका सकाळी बोरीच्या फाट्यावर ट्रॅक्टर लागले आणि निम्मी वस्ती भांडीकुंडी, कोंबड्या, लेकरं घेऊन निघून गेली. आत्याला वरून निरोप आला की जी लेकरं गेली ती गेली, उरलेल्यांचं मोजत राहा. आत्या मला म्हणाली, "खुंटी, डिझेल भर."

आम्ही कारखान्याच्या फडावर पोचलो तेव्हा ऊन चढलेलं होतं. पाचटाच्या कोप्या, खोपटंच ती, त्यांच्यामध्ये धूर, आणि उसाच्या धारदार पानांतून येणारा कोयत्यांचा आवाज. माणसं पहाटे फडात गेलेली. कोप्यांपाशी लेकरंच लेकरं. सात-आठ वर्षांची मुलगी दोन तान्ह्यांना सांभाळत बसलेली. सोनीच्या हातात सकाळच्या भाकरीचा तुकडा होता, उन्हानं ताठ झालेला. ती तो चोखत होती. पाण्याची टाकी होती, तिच्यावर झाकण नव्हतं.

आत्यानं पाचटावरच पाट मांडला. सोनीची आई फडातून धावत आली, हातात कोयता तसाच. "बाई, इथवर आलाव? कामून?"

"गोळीचा दिवस आहे आज तिचा."

ती बाई कोयता खाली ठेवायचं विसरली. मोजणं झालं, गोळी चुरून पाजली. निघताना आत्यानं टाकीत डोकावून बघितलं, नंतर त्या भाकरीच्या तुकड्याकडं बघितलं. परतीच्या सगळ्या रस्त्यात एकच वाक्य बोलली. "या टाकीसमोर खरी गोळीसुद्धा मुकीच रे."

त्यानंतर प्रत्येक गोळीच्या वेळी आम्ही तिथं गेलो. माझ्या गाडीचं काय झालं ते विचारू नका.

दोनेक वर्षांनी काम संपलं आणि आंधळेपणाची पट्टी निघाली. कुणाला कोणती गोळी मिळाली ते कळलं. बोलणाऱ्या गोळीनं आपलं काम केलं होतं, जंत पडले होते, त्यात शंका नव्हती. पण उंची? दोन्हीकडची लेकरं सारखीच वाढली होती, म्हणजे सारखीच कमी वाढली होती.

मोठे सर परभणीला आत्याच्या घरी जेवायला आले. वाढायला मी होतो, त्यामुळं हे सगळं मी भाकरीच्या टोपलीमागून ऐकलेलं आहे. सर माणूस वाईट नव्हते. वांग्याची भाजी दोनदा मागून घेतली आणि मग घसा साफ केला.

"मॅडम, मी आकडे पुन्हा बघितले. जी मुलं ऊसतोडीला गेली, ती आपण बाजूला काढू. उरलेल्यांत थोडा फरक दिसतोय. सांगण्यासारखा."

"त्यांना गोळ्या वेळेवर मिळाल्यात, सर. मी स्वतः दिल्यात."

"हो, पण त्यांची परिस्थिती वेगळी होती."

"बरं, मग?"

मी त्यांच्या पानात भाकरी टाकली.

"मग असं की," ते म्हणाले, "तेवढी वगळली तर केंद्र मंजूर होईल. तुमचं बोरीचं केंद्र. नाहीतर पैसे देणारे विचारतील की जे औषध उंची वाढवत नाही त्यासाठी केंद्र कशाला?"

आत्या तव्यावरची भाकरी उलटायला उठली. तिची पाठ आमच्याकडं होती. मला वाटतं, तेवढ्या वेळात तिनं ती लिंबाची सावली एकदा डोळ्यांपुढं आणली असावी. भाकरी टम्म फुगली. ती घेऊन आली आणि सरांच्या ताटात ठेवली.

"ही लेकरं शाळेच्या हजेरीतून वगळलेली आहेत," ती म्हणाली. "अंगणवाडीच्या खिचडीतून वगळलेली आहेत. मी पण वगळली तर ती आहेत कुठं, सर?"

"मॅडम, भावनिक होऊ नका."

"भावनिक मी मीठ जास्त पडलं की होते. हे गणित आहे. गावाला मी सांगितलं होतं की मला माझ्या बोटावर विश्वास नाही म्हणून मला आंधळं ठेवलंय. आता डोळे उघडले आणि पहिल्यांदा काय करायचं, तर बोट सरकवायचं?"

सरांनी भाकरीचा पापुद्रा सोलला. मग हळू म्हणाले, "अहवाल लिहायचं काम दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल मला."

"द्या. पण त्यात एक लेकरू कमी असलं तर मी सगळीकडं बोलेन. भाकरी देऊ आणखी?"

"नको."

"ताक घ्या, मग."

ते ताक प्यायले. आतल्या आत शरमलेला माणूस ताक कसं पितो, ते मी त्या दिवशी बघितलं. पुढं काम पूर्ण आकड्यांनिशीच बाहेर आलं, हे सरांच्या बाजूनं सांगायला हवं. त्यावर आत्याचं नाव नव्हतं. केंद्र झालं नाही. गावांत निकाल सांगत फिरू नये, गैरसमज होतात, असाही एक निरोप आला.

आत्यानं तो निरोप वाचला आणि म्हणाली, "खुंटी, डिझेल भर."

हंगाम संपून माणसं परत आली होती. बोरीला त्याच अंगणवाडीपुढं तिनं सगळ्यांना जमवलं आणि उभं राहून सरळ सांगितलं. "गोळीनं जंत पडले. उंची वाढली नाही. गोळी देत जा, जंत वाईटच. पण नुसत्या गोळीनं लेकरू वाढेल या भरवशावर राहू नका."

मग एक तरुण बाप उठला. "मंग बाई, एवढी सालं आमच्या लेकरायला मोजून तुमी केलं काय? हेच सांगायला आलाव?"

"हो. हेच."

"म्हंजी आमी येडे."

"मी सांगितलं नसतं तर झाला असता."

मागून कुणीतरी म्हणालं, "वाढतील कशी? बाईनं लेकरू ओलांडलं नव्हतं का?" त्यावर कुजबुज सुरू झाली. हो हो, ओलांडलं होतं. सगळ्यांना आठवलं. आत्याचा चेहरा मी बघत होतो. केंद्र गेलं तेव्हा जो हलला नव्हता, तो आता थोडा हलला.

तेवढ्यात गयाबाई उठली. गुडघ्यावर हात देत, सावकाश.

"ओलांडलं व्हतं," ती म्हणाली. "अन् माघारी बी ओलांडलं. पाठमोरं. म्या डोळ्यानं बगितलंय. ह्यो बुटका बी साक्षीला हाय, ह्याच्यावरच पडली ती." सगळे माझ्याकडं बघून हसले. मी मान डोलावली. "तवा बाईच्या पायाचा दोष न्हाई. गोळीचा बी न्हाई. देवाचा मनावं तर देवानं भाकर वाळवली न्हाई. मंग माझी सोनी कशानं खुंटली, ते इचारा की! कुनाला इचारायचं ते सांगा बाई."

आत्यानं पदर खोचला. मग म्हणाली, "कारखान्याला. चला."

पुढची वर्षं आत्या निवृत्त होती आणि नोकरीत असताना नव्हती एवढी कामात होती. तिची पद्धत साधी. लेकरू निघताना मोजायचं, परत आल्यावर मोजायचं, आणि मधे जेवढी वाढ थांबली तो आकडा घेऊन आयांबरोबर कारखान्याच्या दारात बसायचं. झाकणाची टाकी द्या, लेकरांना फडावर ताजं शिजवून द्या. एका ठिकाणी अंडी सुरू झाली. दोन ठिकाणी आश्वासनं मिळाली. "आश्वासनात प्रथिनं नसतात," म्हणून ती पुन्हा जाऊन बसायची. तिला हाकललं, धमकावलं, एकदा तिच्यावर पाणी सोडलं. ती ओल्या साडीत म्हणाली, "बरं, मग?"

गेल्या वर्षी आत्या गेली. पण माझ्या डोळ्यांपुढं येते ती त्याच्या आदल्या दिवाळीनंतरची.

बोरीच्या फाट्यावर ट्रॅक्टर लागला होता. ट्रॉलीत माणसं, वर गाठोडी, इंजिन सुरू. आत्या काठी टेकत आली, मी मागं पाट घेऊन. सावलीत मांडू म्हटलं तर तिनं काठीनं ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकासमोरची जागा दाखवली.

"इथं मांड."

मांडला. ती पाटाशी खाली बसली आणि पहिलं लेकरू निजवलं. मुकादम धावत आला. "ओ बाई, टाइम व्हायलाय! बाजूला घ्या ते!"

"मोजल्याशिवाय एकही जाणार नाही. घाई असेल तर ओलांडून जा."

मुकादम ड्रायव्हरवर ओरडला, "घे रे, बाजूनं काढ!" ड्रायव्हर बोरीचाच पोरगा. त्यानं चाकासमोरच्या पाटाकडं बघितलं, यंदा लेकरं सांभाळायला निघालेल्या, वर ट्रॉलीत हात जोडून बसलेल्या गयाबाईकडं बघितलं, मागं रस्ताभर लागलेल्या बैलगाड्या बघितल्या.

"ओलांडायचं कसं, मालक?" तो म्हणाला. "माघारी घ्यायला जागा न्हाई."

आणि त्यानं इंजिन बंद केलं. एकदम इतकं शांत झालं की पायाकडची फळी सरकल्याचा आवाज आला. आत्यानं पट्टीवर बोट ठेवलं, मग ते उचलून आकडा मला वाचायला लावला, आणि मान वर न करता म्हणाली, "पुढचं लेकरू आणा."